रोजची भाकर

रविवारी रात्री साडेआठला आमच्या घरी टीव्ही बंद. ताईचा व्हिडिओ कॉल असतो. तिच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहे ते, आणि अंधार पडायच्या आत तिला स्वयंपाक उरकायचा असतो कारण लाइनचा भरवसा नाही. त्यामुळे सगळं बोलणं चुलीशी. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, आम्हाला दिसते ती अर्धी ताई, गॅसची शेगडी आणि मागच्या खिडकीतलं आंब्याचं झाड. आई दर वेळी म्हणते, हे तर आपल्याच इकडलं वाटते व.

ताई आणि भाऊजी मिशनरी आहेत, आफ्रिकेत, मलावीमध्ये. झोंबा म्हणून शहर आहे, १९७५ पर्यंत त्या देशाची राजधानी तिथेच होती, त्याच्या जवळच्या एका खेड्यात राहतात. भाऊजी तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरांना, शिकवतात, ताई नर्स. आमच्या गावात हे सांगितलं की माणूस एक मिनिट थांबतोच, कारण मिशनरी म्हटलं की गोरा साहेब डोळ्यासमोर येतो, आणि आमची ताई तर दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला जाणारी पोरगी. तिकडेही तोच घोळ. मलावीत इंडियन माणसाला ‘म्वेन्ये’ म्हणतात आणि म्वेन्ये म्हणजे दुकानदार हे ठरलेलं, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुजराती लोकांची दुकानं आहेत. पहिले सहा महिने ताईला बाजारात एकच प्रश्न, तुमचं दुकान कोणतं? दुकान नाही म्हटलं की समोरच्या बाईचा चेहरा पडायचा, म्हणजे धंद्यात बसले वाटते बिचारे.

भाषा चिचेवा. ‘कसे आहात’ला ‘मुली ब्वांजी’ म्हणतात. ताईनं पहिल्यांदा कॉलवर शिकवलं तर आई म्हणे, मुली बऱ्या आहेत, पण पोराचं काहून विचारत नाहीत ते लोक?

आता खरं सांगायचं तर आमच्या आईसाठी मिशनरी हा शब्द नवीन नाही, ती लहानाची मोठी झाली तीच मिशनच्या कंपाउंडमध्ये. यवतमाळ जिल्ह्यात अमेरिकन मिशनचं काम जुनं, दवाखाने, शाळा, बोर्डिंग, आणि यवतमाळात तर पाळक तयार करायची मोठी सेमिनरी होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एका बंगल्यावर खानसामा होते. त्यामुळे मिशनरी लोक प्रवचनात काय बोलायचे हे आईला फारसं आठवत नाही, पण मॅडम संध्याकाळी काय खायची, साहेब कशावरून चिडायचे, पाणी किती वेळ उकळायचं, हे विचारा.

मॅडमचं दुखणं म्हणजे पाव. ज्वारीच्या मुलखात पाव आणायचा कुठून? मग आजोबांनीच शिकून घेतला. बटाटे उकडून, कुस्करून, साखर घालून खमीर आंबवायचं, आणि ओव्हन म्हणजे रॉकेलचा पत्र्याचा डबा, आडवा, खाली निखारे आणि वरही निखारे. थंडीत खमीर चढायचं नाही म्हणून आजोबा ते भांडं गोधडीत गुंडाळून आपल्या खाटेखाली ठेवायचे आणि रात्री उठून बघायचे. आजी म्हणायची, लेकरं आजारी पडली तेव्हा नाही उठला हा माणूस इतका! हा आजीचा जुना राग, मरेपर्यंत होता.

पहिला पाव चांगला निघाला त्या दिवशी मॅडमनं गरम गरमच तोडला, टेबलावर न बसता, उभ्या उभ्या, आणि डोळे पुसत राहिली. आई दारात उभी होती, आठेक वर्षांची. तिला वाटलं आता बाबाची नोकरी गेली.

बंगल्यातल्या पोरीला मात्र पावाचं काही नाही. आईच्याच वयाची, जन्मच इकडला, तिला आजोबांच्या खोलीत येऊन भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पाहिजे. वऱ्हाडी अशी बोलायची की फक्त आवाज ऐकला तर कोणाला पत्ता लागू नये, ‘मले दे ना व, काहून देत नाही’. मोठी झाली तशी तिला शिकायला कोडाईकनालला पाठवली. तिथली शाळा १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या लेकरांसाठीच काढलेली. पार तामिळनाडूत. यवतमाळहून मुर्तिजापूरपर्यंत आपली शकुंतला, छोटी रेल्वे, जिच्यातून उतरून लघवी करून परत पळत जाऊन बसता यायचं असं लोक सांगतात, आणि तिथून पुढे मोठी गाडी, दिवसच्या दिवस. पोरगी गेली की मॅडम दोन दिवस जेवायची नाही. आणि त्याच आठवड्यात अमेरिकेला पत्र टाइप करत बसायची, टकटक टकटक, इकडे किती चांगलं काम चाललंय त्याचं.

ते पत्र प्रकरण अजून आहे. ताईलाही दर तीन महिन्यांनी काढावं लागतं, फक्त आता पीडीएफ असते. पगार नसतो ना या लोकांना, म्हणजे नोकरीसारखा नसतो, मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, आणि ओळखीपाळखीचे लोक मिळून पैसे पाठवतात, मग त्यांना कळवायला नको? मिझोरमच्या बायका १९१० पासून स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवतात, त्याच तांदळाच्या पैशावर त्यांनी कितीतरी मिशनरी पाठवले. आमच्या मंडळीतल्या आयाबायांनी ते ऐकलं आणि ज्वारीची मूठ काढायला लागल्या. ज्वारी आता गावात पेरतं कोण, सगळीकडे सोयाबीन आणि कापूस, त्यामुळे अर्ध्या जणी विकत आणलेल्या ज्वारीतून मूठ काढतात. पण काढतात.

तर त्या पत्रात असतं, परमेश्वराच्या कृपेनं पावसाळा सुखरूप पार पडला, बारा पाळकांचा अभ्यास पूर्ण झाला, सोबत फोटो, सगळे हसताहेत. आणि कॉलवर असतं, गॅस संपला दादा, तीन दिवस कोळशावर करून राहिली मी, यांना मलेरिया झाला होता तुला सांगितलं नाही, धाकट्याच्या डोक्यात उवा. मी एकदा म्हटलंही, हे का नाही लिहीत पत्रात? तर म्हणे, उवांसाठी कोणी मूठ काढते का? पॉइंट बरोबर आहे, पण मला ते पत्र वाचताना दर वेळी खोटं नाही तरी इस्त्री केल्यासारखं वाटतं.

आणि पत्रात न येणारी दुसरी गोष्ट म्हणजे भाकर. तिथे खायचं ते न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानं तोडायचा, बोटांनी खोलगट करायचा आणि पालेभाजीत नाहीतर मासळीत बुडवायचा. तीन वेळा दिलं तरी माणसं खुशीनं खातात, आणि ज्या दिवशी न्सिमा नाही त्या दिवशी कितीही खाल्लं तरी जेवलोच नाही म्हणतात. आपल्याकडे नुसता भात खाल्लेला माणूस कसा म्हणतो, भात म्हणजे नाश्ता. ताईला सगळं कळतं, करताही येतं, शेजारणी वाखाणतात. पण चार वर्षं झाली आणि तिच्या जिभेवरून भाकर उतरत नाही. ज्वारी तिथेही होते, दक्षिणेकडे उष्ण भागात, पण हिच्या बाजारात पीठ मिळत नाही. मग मक्याच्या पिठावर खटपट. आधी पांढरं बारीक पीठ घेतलं, सगळा कोंडा काढलेलं, त्याची भाकर परातीतच फाटायची. मग कोणीतरी ‘म्गाइवा’ सुचवलं, कोंड्यासकट दळलेलं, ते जरा धरतं.

भाचा पाच वर्षांचा. तो शेजारच्या पोरांच्या ताटात बसून न्सिमा खाऊन येतो आणि घरी भाकर बघितली की नाक मुरडतो. जळलेली आहे म्हणे.

एकदा ताईनं तिकडची प्रार्थना म्हणून दाखवली, आपली ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, चिचेवात. त्यात एका ठिकाणी ‘चाकुद्या’ आलं. मी विचारलं हे काय, तर म्हणे अन्न, खाणं, काहीही. ‘आमचं आजचं खाणं आज दे’ असं आहे तिकडे. आपल्याकडे मराठीत सरळ ‘आमची रोजची भाकर’ आहे, आपण लहानपणापासून म्हणतो, कधी लक्षातही येत नाही की इंग्रजीत तिथे पाव आहे, ब्रेड. म्हणजे ती मॅडम रोज सकाळी उपासनेत आमच्या लोकांबरोबर मराठीत भाकर मागायची आणि संध्याकाळी आजोबांकडे पाव. आई हे ऐकून इतकी हसली की ठसका लागला. मग गप्प झाली आणि म्हणाली, बाबा रोज भाकर मागून रोज पाव करायचा.

गेल्या रविवारी आईनं ठरवलंच, पोरीला उकड काढून भाकर शिकवते. पंचेचाळीस वर्षं रोज थापणाऱ्या बाईनं मोबाइलमध्ये तोंड घालून शिकवायचं म्हणजे तमाशा. पाणी खळखळ उकळू दे. मीठ टाक. आता पीठ, एकदम नको व, आणि झाकण ठेव, गॅस बंद. मळ आता, गरम आहे तवरच मळ, हात पोळते तर पोळू दे. ताई मळते आहे, फुंकर मारते आहे, भाचा मध्ये येऊन ‘आजी मुली ब्वांजी’ करून जातो आहे, आई त्याला ‘बऱ्या आहे रे बाप्पा, सरक’ म्हणते आहे. ताईनं गोळा परातीत घेतला, थापायला लागली. कडा फाटल्या नाहीत. आईनं माझा दंड धरला. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलथली, मग तवा काढून सरळ आचेवर. एका बाजूनं फुगायला लागली.

‘फिरव, फिरव, फिरव तिले,’ आई ओरडली आणि तेवढ्यात तिकडची लाइन गेली. स्क्रीनवर अर्धी ताई, हातात चिमटा, आणि एका अंगानं फुगलेली भाकर, तशीच थिजली. मी दोनदा लावून बघितला, लागला नाही. आई फोन काही खाली ठेवेना. चष्मा वर करून त्या भाकरीकडेच बघत बसली, बऱ्याच वेळानं म्हणाली,

‘करपली असन आता.’