फ्रेज कोणती? आधी मराठीत करून बघा

ठाण्यात मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. ‘निअर द स्टेशन’ ही प्रिपोझिशनल फ्रेज (‘निअर, टु, इन’ अशा शब्दयोगी शब्दाने सुरू होणारी), ॲडजेक्टिव्ह (विशेषण) फ्रेज की ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण) फ्रेज? एका गाइडमध्ये एक उत्तर, दुसऱ्यात दुसरं. मुलांना वाटतं, कुठेतरी छपाईची चूक आहे. चूक नसते. एक पुस्तक फ्रेज कशाची बनली आहे ते सांगतं, दुसरं ती वाक्यात काय काम करते ते. नर्स पेशाने नर्सच असते, पण घरी ती कुणाची जाऊ आणि कुणाची नणंद असते, तसंच हे. ‘निअर द स्टेशन’ बनावटीने कायम प्रिपोझिशनल. कामाने ती कधी ॲडजेक्टिव्ह, कधी ॲडव्हर्ब. शाळेत आणि स्पर्धा परीक्षेत बहुतेक वेळा काम विचारतात, आणि मुलं बनावट लिहून येतात.

त्याआधी फ्रेज आणि क्लॉज वेगळे करता यायला हवेत. ‘पूर्ण अर्थ नसलेला शब्दसमूह म्हणजे फ्रेज’ ही पाठ केलेली व्याख्या इथे दगा देते, कारण ‘व्हेन द ट्रेन स्टॉप्स’ यालाही पूर्ण अर्थ नाही, तरी तो क्लॉज आहे. मी अर्थाकडे बघायलाच सांगत नाही, काळ बदलायला सांगतो. रोजची गोष्ट कालची करा: ‘स्टॉप्स’चं ‘स्टॉप्ड’ झालं, म्हणजे तिथे काळाप्रमाणे बदलणारं क्रियापद आहे आणि त्याला कर्ताही आहे. तो क्लॉज. आता ‘बिफोर गेटिंग डाउन’ घ्या. काल, रोज, उद्या काहीही करा, ‘गेटिंग’ जागचं हलत नाही. ती फ्रेज.

काम ओळखायला मात्र मराठी वापरायची. इंग्रजी शिकताना मराठी डोक्यात आणू नका असं पुष्कळ जण सांगतात. फ्रेजच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण इंग्रजीत जे काम शब्दांच्या जागेवरून ताडावं लागतं, ते मराठीत प्रत्यय उघड सांगतो.

‘द ट्रेन टु वाशी’ म्हणजे वाशीची गाडी. ‘शी वेंट टु वाशी’ म्हणजे ती वाशीला गेली. ‘टु वाशी’ दोन्हीकडे तेच. पण ‘वाशीची’मधला ‘ची’ नामाला चिकटला, म्हणून ॲडजेक्टिव्ह फ्रेज. ‘वाशीला’ क्रियापदाकडे गेला, म्हणून ॲडव्हर्ब फ्रेज. ‘द शॉप निअर द स्टेशन’ म्हणजे स्टेशनजवळचं दुकान, ‘ही वेट्स निअर द स्टेशन’ म्हणजे तो स्टेशनजवळ थांबतो. चा-ची-चं आलं की ॲडजेक्टिव्ह, नाही आलं की ॲडव्हर्ब. बघायचा तो अगदी शेवटचा प्रत्यय. ‘स्टेशनच्या समोर थांबतो’ यात मध्ये ‘च्या’ आहे, पण शेवट ‘समोर’ने झाला, म्हणून ॲडव्हर्ब. ‘स्टेशनच्या समोरचं दुकान’ झालं की ॲडजेक्टिव्ह.

सरावाला ठाणेकरांच्या ओळखीचं वाक्य देतो: ‘द फर्स्ट पॅसेंजर ट्रेन रॅन फ्रॉम बोरीबंदर टु ठाणे ऑन १६ एप्रिल १८५३.’ बोरीबंदरहून, ठाण्याला, १६ एप्रिलला. तिन्ही फ्रेज धावण्याबद्दल बोलतात, तिन्ही ॲडव्हर्ब. आता ‘द ट्रेन फ्रॉम बोरीबंदर वॉज लेट’ म्हणा. ‘बोरीबंदरहून आलेली गाडी’. ‘लेला-लेली’ आणि ‘णारा-णारी’ हेही चा-चीच्याच पंगतीतले, नामाचं विशेषण करणारे.

‘टु’ लागलेल्या इन्फिनिटिव्ह फ्रेजमध्ये ही युक्ती सर्वांत स्वच्छ चालते. ‘टु फिल धिस फॉर्म इज डिफिकल्ट’ म्हणजे हा फॉर्म भरणं कठीण आहे. ‘भरणं’ आलं, नाउन फ्रेज, म्हणजे नामाचं काम करणारी. ‘आय हॅव अ फॉर्म टु फिल’ म्हणजे भरायचा फॉर्म, ॲडजेक्टिव्ह. ‘शी केम टु फिल अ फॉर्म’ म्हणजे भरायला आली, ॲडव्हर्ब. भरणं, भरायचा, भरायला. या तिघांवर मुलांचं बोट बसलं की निम्मा धडा झाला.

पण ही युक्ती जिथे फसते त्या जागा सांगितल्या नाहीत, तर मुलं परीक्षेत आपटतात. ‘शी वेट्स फॉर द बस’ मराठीत करा: ती बसची वाट बघते. ‘ची’ आला, म्हणून हुशार मुलगा ॲडजेक्टिव्ह लिहितो. इथे ‘बसची’ हे ‘वाट’ला चिकटलंय, आणि ‘वाट’ हे नाम इंग्रजी वाक्यात नाहीच. इंग्रजीत एका क्रियापदाने होणारं काम मराठी ‘वाट बघणे’, ‘मदत करणे’ अशी नाम आणि क्रियापदाची जोडी लावून करते, तेव्हा हा घोळ होतो. म्हणून चा-ची दिसला की लगेच विचारायचं: हा ज्याला चिकटलाय ते नाम मूळ वाक्यात आहे का? नसेल तर तो प्रत्यय सोडून द्यायचा.

‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’मध्येही तेच, ‘कुत्र्यांची भीती’. तिथे ‘ऑफ डॉग्ज’ सुटं काढूच नये. ‘अफ्रेड’सकट पूर्ण तुकडा उचलायचा, ती ॲडजेक्टिव्ह फ्रेज. आणि ‘इज, वॉज’नंतरची फ्रेज: ‘ही इज इन अ हरी’ म्हणजे तो घाईत आहे. चा नाही, तरी शालेय व्याकरण हिला ॲडजेक्टिव्हच मानतं, कारण ती कर्त्याची अवस्था सांगते. त्या जागी एकच विशेषण बसवून बघा. ‘ही इज बिझी’ बसतं.

‘आयएनजी’वाल्या शब्दांची भीती मात्र उगाच बाळगली जाते. रेल्वेच्या सूचनांमधला रूळ ओलांडण्याचा विषयच घ्या. ‘क्रॉसिंग द ट्रॅक्स इज डेंजरस’ म्हणजे ओलांडणं. ही जेरंड फ्रेज, काम नामाचं. ‘द मॅन क्रॉसिंग द ट्रॅक्स’ म्हणजे ओलांडणारा. ही पार्टिसिपल फ्रेज, काम विशेषणाचं. वाक्याच्या सुरुवातीला स्वल्पविराम देऊन आलेली, ‘क्रॉसिंग द ट्रॅक्स, ही स्लिप्ड’, ही मराठीत ‘ओलांडताना’ अशी होते आणि मुलं ॲडव्हर्ब लिहितात. शालेय व्याकरण तिलाही ‘ही’चं विशेषण धरतं. या एका जागी मराठीचं ऐकायचं नाही.

याच जागी लिहिण्यातली एक चूक लपलेली असते. ‘वॉकिंग अराउंड द लेक, द रेन स्टार्टेड.’ तलावपाळीला फेरी मारताना पाऊस सुरू झाला, मराठीत बिनघोर चालतं. इंग्रजीत सुरुवातीची ती फ्रेज पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटते, म्हणजे फेरी पाऊस मारतोय. ओळखायला ‘ताना’ऐवजी ‘ऊन’ लावून बघा: ‘फेरी मारून पाऊस सुरू झाला’ कानाला खटकतं, कारण ‘ऊन’ला दोन्हीकडे एकच कर्ता लागतो. खटकलं की इंग्रजी वाक्य बदलायचं: ‘व्हाइल वुई वेअर वॉकिंग अराउंड द लेक, द रेन स्टार्टेड.’

नाउन फ्रेजमध्ये अडचण वेगळीच आहे, ती मुख्य नाम शोधण्याची. मराठीत मुख्य नाम गटाच्या शेवटी येतं: ‘फ्लॅटच्या किल्ल्या’. इंग्रजीत ‘ऑफ’वाल्या गटात ते आधी येतं आणि बाकीचं मागून लागतं: ‘द कीज ऑफ द फ्लॅट’. आपल्या कानाला गटातलं शेवटचं नाम मुख्य धरायची सवय, म्हणून ‘फ्लॅट’ ऐकून ‘इज विथ द वॉचमन’ लिहिलं जातं. हवं ‘आर’. ‘वन ऑफ द बसेस आर लेट’ ही चूकही याच सवयीतून येते. उपाय साधा आहे. पूर्ण गटाच्या जागी ‘इट’ किंवा ‘दे’ टाका. ‘द कीज ऑफ द फ्लॅट’ म्हणजे ‘दे’, मग क्रियापद आपोआप ‘आर’. गट कुठे संपतो हेही यातच कळतं, कारण ‘दे ऑफ द फ्लॅट’ असं काही उरलं तर तुकडा अर्धाच उचलला गेलाय.

आता एक लांब वाक्य सोडवू: ‘द विमेन स्टँडिंग इन द लाँग क्यू आउटसाइड द तिकीट विंडो हॅव कम टु रिन्यू देअर पासेस.’ पहिल्यांदा काळ बदलणारं क्रियापद शोधायचं, ‘हॅव’. त्याच्या आधीचे अकराच्या अकरा शब्द एका ‘दे’ने जातात, म्हणजे ती सगळी एकच नाउन फ्रेज, मुख्य नाम ‘विमेन’. तिच्या पोटात ‘स्टँडिंग’पासून ‘विंडो’पर्यंत पार्टिसिपल फ्रेज, ‘उभ्या असलेल्या’, ॲडजेक्टिव्ह. तिच्याही पोटात ‘इन द लाँग क्यू’, ‘रांगेत’ उभ्या, ॲडव्हर्ब. ‘आउटसाइड द तिकीट विंडो’चं काय? ‘खिडकीबाहेरच्या रांगेत’ म्हटलं तर ॲडजेक्टिव्ह, ‘खिडकीबाहेर उभ्या’ म्हटलं तर ॲडव्हर्ब. दोन्ही बरोबर आहेत, आणि चांगला पेपर काढणारा अशी फ्रेज अधोरेखित करत नाही. शेवटी ‘टु रिन्यू देअर पासेस’, पासांचं नूतनीकरण ‘करायला’, ॲडव्हर्ब. फ्रेजच्या पोटात फ्रेज असते हे एकदा वहीवर चौकटीत चौकट काढून दाखवावं लागतं, नुसतं सांगून उतरत नाही.

राहिली व्हर्ब फ्रेज. शाळेत तिचा अर्थ सहायक क्रियापदं अधिक मुख्य क्रियापद, ‘हॅज बीन वेटिंग’ एवढाच. कॉलेजात भाषाशास्त्र घेतलं तर कर्मासकट सगळा मागचा भाग तिच्यात जातो. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘ऑफ, अप’ असा शब्द जोडून झालेलं एकच क्रियापद, हे तिसरंच प्रकरण: ‘टर्न ऑफ द फॅन’मध्ये ‘ऑफ द फॅन’ ही प्रिपोझिशनल फ्रेज नाही, कारण ‘टर्न इट ऑफ’ म्हणता येतं. ‘फॉल ऑफ द बेंच’चं ‘फॉल इट ऑफ’ होत नाही, तिथे ती आहे.

उत्तरपत्रिकेत जागा असेल तेव्हा मी दोन्ही नावं लिहायला लावतो: ‘प्रिपोझिशनल फ्रेज, ॲडजेक्टिव्हचं काम, शॉप या नामाविषयी’. चार पर्यायांच्या प्रश्नात आधी पर्यायांवर नजर टाकायची. ‘नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब’ असे पर्याय असतील तर काम विचारलंय. ‘जेरंड, इन्फिनिटिव्ह, पार्टिसिपल’ असतील तर बनावट, आणि तिथे मराठी करत बसण्यात वेळ घालवायचा नाही.