आधी तुमच्या लोकांना आवरा

अमेरिकेचं राजकारण समजून घ्यायला २०१८ चा जून महिना पुरेसा आहे, असं माझं मत झालंय. ४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या एका केकवाल्याच्या बाजूने निकाल दिला. समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करणं आपल्या धर्मात बसत नाही, म्हणून त्याने ऑर्डर नाकारली होती. निकाल ७ विरुद्ध २ असा लागला, पण होता तसा गुळमुळीतच. राज्याच्या नागरी हक्क आयोगाने केकवाल्याच्या धर्माबद्दल आकस दाखवला, एवढं म्हणून न्यायालय थांबलं. आमच्या ऑफिसातली रिपब्लिकन मंडळी खूश झाली. दुकान त्याचं, मर्जी त्याची, केक काय दुसरीकडे मिळत नाही? डेमोक्रॅट मंडळी तापलेली. दुकान उघडून बसलायस ना, मग येईल त्या गिऱ्हाइकाला माल दिलाच पाहिजे.

याला तीन आठवडेही झाले नव्हते. २२ जूनला आमच्याच व्हर्जिनिया राज्यात, लेक्सिंग्टन नावाच्या छोट्या गावात, व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या सारा हकाबी सँडर्स 'रेड हेन' या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेल्या. टेबलावर चीजच्या थाळ्या येऊन पोचल्या होत्या. मालकीणबाई घरून आल्या, आधी आपल्या कर्मचाऱ्यांशी बोलल्या, मग सँडर्सना बाजूला बोलावून म्हणाल्या, आपण इथून गेलात तर बरं. सँडर्स उठल्या आणि गेल्या. सोबतचे लोक पैसे द्यायला लागले, तर बाई म्हणाल्या, राहू द्या. आवाज कुणाचाच चढला नाही. आपण सौजन्यानेच वागलो, असं नंतर दोघींनीही सांगितलं आणि दोघीही खरंच बोलत होत्या.

सोमवारी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत बघते तर दोन्ही गटांनी मुद्द्यांची अदलाबदल केलेली! दुकानदाराच्या मर्जीची बाजू घेणारे म्हणत होते, माणसाला जेवणावरून उठवतात म्हणजे काय, काही माणुसकी? आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाढायला निघालेले म्हणत होते, तिचं रेस्टॉरंट आहे, तिची मर्जी. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही प्रकरणांत फरक होता. लैंगिक कलावरून गिऱ्हाइकाला नाकारायला कोलोरॅडोच्या कायद्यात मनाई आहे. राजकारणाची नोकरी करणाऱ्याला असं संरक्षण सहसा मिळत नाही. पण त्या टेबलावर हा फरक कुणी काढलाच नाही. वाद कायद्याचा नव्हता, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं एवढाच होता. (वॉशिंग्टनमधल्या एका रेस्टॉरंटचं नावही रेड हेनच. लेक्सिंग्टनशी काडीचा संबंध नसताना त्यांनाही शिव्या खाव्या लागल्या.)

घरून फोन आला की आत्या हमखास विचारते, "अगं, दार धरून उभी राहणारी, उठता-बसता थँक यू म्हणणारी माणसं ना ती? मग टीव्हीवर असं काय भांडतात?" तिला काय सांगणार! आपल्याकडे सकाळी पत्रकार परिषदेत एकमेकांची अब्रू काढणारे नेते संध्याकाळी एकाच लग्नाच्या मांडवात हसताना दिसतात आणि आपल्याला त्याचाही राग येतो. इथे नेमकं लग्नाचंच अवघड झालंय. १९६० च्या एका पाहणीत, मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात सोयरीक केली तर वाईट वाटेल असं म्हणणारे दोन्ही पक्षांत जेमतेम ४-५ टक्के होते. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला, तर रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश लोकांनी 'वाईट वाटेल' असं सांगितलं.

संसदेत तर सभ्यतेचे नियम छापीलच आहेत. सभागृहात बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून आणि समोरच्याचा उल्लेख 'टेक्ससचे सद्गृहस्थ' अशा थाटात करायचा. सप्टेंबर २००९ मध्ये ओबामा आरोग्य विम्यावर भाषण करत होते. मध्येच दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन जो विल्सन ओरडले, "खोटं बोलताय!" आठवड्याभरात त्यांच्या निषेधाचा ठराव २४० विरुद्ध १७९ मतांनी मंजूर झाला. स्वतःच्या पक्षातल्या फक्त ७ जणांनी निषेधाला मत दिलं. बाकीच्यांचं म्हणणं, माफी मागितलीय ना, मग एवढं काय! आता मार्च २०२५ घ्या. ट्रम्प बोलत असताना टेक्ससचे ७७ वर्षांचे डेमोक्रॅट अल ग्रीन उठले आणि काठी उगारून मेडिकेडला (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला) हात लावायचा नाही म्हणून ओरडायला लागले. त्यांना बाहेर काढलं आणि दोनच दिवसांत २२४ विरुद्ध १९८ मतांनी निषेधही झाला. निषेधाला मत देणारे डेमोक्रॅट होते १०. बाकीचे ग्रीनना घेऊन सभागृहाच्या मधोमध उभे राहिले आणि गाणं म्हणू लागले. दरम्यान २०२३ मध्ये बायडेनच्या भाषणात जॉर्जियाच्या मार्जोरी टेलर ग्रीन (या वेगळ्या ग्रीन, रिपब्लिकन) "खोटारडा" म्हणून ओरडल्या होत्या. त्या वेळी सभागृहात बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं. निषेध काही झाला नाही.

पूर्वी सगळं कसं सभ्य होतं, असं इथले वयस्कर लोक सांगतात. मला ते पटत नाही. १८३६ ते १८४४ या काळात याच सभागृहाने गुलामगिरीविरुद्ध आलेले अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम केला होता. शांतता होती, पण ती गुलामांच्या मालकांच्या सोयीची. पुढे १८५६ मध्ये सेनेटर चार्ल्स समनर यांनी गुलामगिरीवर जळजळीत भाषण केलं आणि त्यात दक्षिण कॅरोलिनाच्या सेनेटर बटलर यांचा अपमान केला. तर बटलरांचा नातेवाईक, खासदार प्रेस्टन ब्रुक्स, भर सेनेटमध्ये आला आणि त्याने काठी मोडेपर्यंत समनरना बडवलं. समनरना पूर्ण बरं व्हायला तीनेक वर्षं लागली. ब्रुक्सला चाहत्यांनी नव्या काठ्या पाठवल्या. त्याने राजीनामा दिला आणि पुन्हा निवडूनही आला. समनरचं बोलणं सभ्य नव्हतं, ही दक्षिणेतल्या लोकांची तक्रार होती. काठीबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती.

१० सप्टेंबर २०२५ ला युटामध्ये चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या तरुण नेत्याचा भर सभेत गोळी घालून खून झाला. त्यानंतरचे दिवस मी इथे जवळून बघितले. समाजमाध्यमांवर काहींनी आनंद साजरा केला, ते किळसवाणंच होतं. पण नोकरीवरून काढण्याच्या संस्कृतीविरुद्ध दहा वर्षं घसा फोडणारे लोक आता याद्या करून मालकांना फोन लावत होते आणि खुद्द उपाध्यक्ष व्हान्स लोकांना तसं करा म्हणून सांगत होते. उलट 'बोलायचं स्वातंत्र्य आहे, पण परिणाम भोगावे लागतील' हे ज्यांचं आवडतं वाक्य, त्यांना परिणाम दिसताच स्वातंत्र्य आठवलं. त्याच वर्षी जूनमध्ये मिनेसोटात डेमोक्रॅट नेत्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याचा घरात घुसून खून झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी देशभर झेंडे अर्ध्यावर उतरवले नव्हते. कर्कसाठी उतरवले. कर्कच्या शोकसभेत त्याच्या विधवा पत्नीने मारेकऱ्याला क्षमा केली. तिच्यानंतर बोलायला उठलेल्या ट्रम्पनी सांगितलं, मी विरोधकांचा द्वेष करतो.

ऑक्टोबरमध्ये कर्कबद्दल लिहिल्यावरून सहा परदेशी माणसांचे व्हिसा रद्द झाले. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात गुळाच्या पोळीच्या रेसिपी आल्या, शाळेच्या बसची वेळ आली, राजकारणाचा एक शब्द आला नाही. एरवी तिथे दोन्ही बाजूंचे कडवे लोक एकमेकांचे कपडे फाडत असतात. बाहेरून कुणी पाहिलं तर म्हणेल, काय सुसंस्कृत मंडळी आहेत! आमच्यापैकी निम्म्यांचं व्हिसा-ग्रीनकार्ड अजून टांगणीला लागलेलं आहे, हे त्याला कुठून दिसणार.

तसे सभ्यतेची किंमत स्वतः मोजणारे लोकही आहेत, नाही असं नाही. २००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांना अरब म्हणाल्या. ओबामांविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी त्यांच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, नाही बाई, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत इतकंच. (अरब असणं आणि सभ्य असणं यात विरोध काय, हे त्यांना कुणी विचारायला हवं होतं.) त्याच सभेत ओबामांना घाबरायचं कारण नाही म्हणाले, तर त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. रेड हेननंतर डेमोक्रॅट मॅक्सीन वॉटर्स यांनी ट्रम्पची माणसं दिसतील तिथे त्यांना घेरा, अशी हाक दिली. पक्षाचेच सेनेटर शूमर म्हणाले, हे बरोबर नाही. झालं, घरचेच लोक शूमरवर तुटून पडले. युटाचे रिपब्लिकन गव्हर्नर कॉक्स, कर्कच्या खुनानंतर 'आवाज खाली करा' म्हणून कळकळीने सांगणारे, त्यांची २०२४ मध्ये स्वपक्षाच्याच अधिवेशनात हुर्यो झाली होती. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक, आणि बहुतेकांनी घरच्यांच्याच शिव्या खाल्लेल्या.

२०२५ च्या शरद ऋतूत हा प्रकार आमच्या दारात आला. व्हर्जिनियाच्या ॲटर्नी जनरलपदाला उभ्या असलेल्या डेमोक्रॅट जेय जोन्स यांचे २०२२ मधले मेसेज बाहेर आले. विधानसभेच्या तेव्हाच्या रिपब्लिकन अध्यक्षाला गोळ्या घालण्याच्या गोष्टी त्यात होत्या. पक्षाने शब्दांचा निषेध केला, पण माघार घ्या म्हणून मोठ्या नेत्यांपैकी कुणी सांगितलं नाही. त्याच महिन्यात तरुण रिपब्लिकनांच्या एका ग्रुपमधले वंशद्वेषी, हिटलरची भलामण करणारे मेसेज फुटले. व्हान्स म्हणाले, पोरं चुकतात. ग्रुपातली बरीचशी 'पोरं' विशी-तिशीतली होती.

मला मत नाही, ग्रीनकार्ड आहे, त्यामुळे माझ्याकडे ऐकायचंच काम असतं. ४ नोव्हेंबरला मैत्रीण मत देऊन परस्पर चहाला आली, स्वेटरवर 'मी मत दिलं'चं स्टिकर. मी विचारलं, जोन्सला दिलंस? "दिलं. मेसेज घाणेरडेच होते गं, पण त्या तरुण रिपब्लिकनांचे वाचलेस का?" संध्याकाळी शेजारचे आजोबा, पक्के रिपब्लिकन, कुंपणाशी पानं गोळा करत होते. त्यांना त्या तरुणांबद्दल विचारलं.

"हो, वाईटच," ते म्हणाले. "पण त्या जोन्सचं काय?"

जोन्स त्याच रात्री निवडून आले.