आमची वाटचाल : मोडलेल्या बांधांच्या शोधात

ज्या इंदापूर तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमाबंदीची, म्हणजे जमीन मोजून शेतसारा ठरवण्याची, घडी बसवली, त्याच तालुक्यात नांगराखाली गेलेले बांध आकाशातून शोधून देण्याचे काम आम्ही करतो, याचा मला अभिमान आहे.

सप्टेंबर 2014 मध्ये कर्ज काढून ड्रोन घेतला आणि 7 ऑक्टोबरला नागरी ड्रोनवर मनाई आणणारी जाहीर सूचना निघाली. ड्रोन पेटीत आणि हप्ते डोक्यावर, अशा अवस्थेत माझा भागीदार आमचा कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि मनाई धाब्यावर बसवून शेजारच्या तालुक्यात ‘आकाशातून अधिकृत मोजणी’ अशी पाटी लावून बसला. खाजगी छायाचित्राने हद्द कायम होत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख विभागाचीच मोजणी लागते, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते; तरी गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली.

आम्ही तगलो ते टोटल स्टेशनच्या, म्हणजे तिपाईवरच्या मोजणीयंत्राच्या, किरकोळ कामांवर आणि एका निवृत्त गुरुजींच्या विश्वासावर. त्यांच्या शेजाऱ्याने बांध कोरत कोरत शेवटी तो सपाट केला होता; फाळणी नकाशाची, म्हणजे पोटहिश्श्यांच्या हद्दी व मापे दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची, नक्कल माझ्याकडे ठेवून गुरुजी म्हणाले, “तुमचं यंत्र उडेल तेव्हा बघू.” ते 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनंतर उडाले.

पुढच्या जानेवारीत, शाळू हुरड्यात असताना, सकाळच्या तिरप्या उन्हात आम्ही ते रान टिपले. छायाचित्रात दोन रेषा उमटल्या. वळणे घेत जाणारी रेषा जुन्या मृदसंधारणातल्या, उताराला आडव्या समान उंचीवरून जाणाऱ्या समतल बांधाची होती. नवखा माणूस नेमका तिलाच हद्द समजतो. दुसरी सरळ होती, शेजाऱ्याच्या पिकात चार पावले आत, आणि तिथे उरलेल्या दगडगोट्यांवर शाळू हातभर खुजा व पिवळट होता. उंचसखलपणाच्या प्रतिमेतही तिथे खुज्या पिकाचा खोलगट पट्टा दिसला. फाळणीतली साखळी-आण्यांची मापे, 33 फुटांची साखळी आणि तिचे 16 आणे या हिशेबाने, त्याच रेषेशी जुळली. पुढे सरकारी मोजणीतही खुणा तिथेच पडल्या.



गुरुजींनी बिलाखेरीज शाळूचे एक पोते पाठवले. भागीदाराने कॅमेरा अद्याप परत केलेला नाही.