ब्राऊन बंधूंची भाऊबंदकी

बॉस्टनबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. गर्दी होती, सगळं महाग होतं. तिथून लोकलने साधारण तासाभरावर ऱ्होड आयलंड राज्यातलं प्रॉव्हिडन्स लागतं. त्या गावातल्या दोन भावांनी मात्र अजून पिच्छा सोडलेला नाही.

त्यातला एक जॉन ब्राऊन, अठराव्या शतकातला बडा व्यापारी. त्याचा वाडा चढावर आहे. चढ असा की पोटऱ्या बोलायला लागतात. लाल विटांचा तिमजली वाडा, आता तिथे संग्रहालय आहे. लोक जिन्याचे नि लाकूडकामाचे फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र त्याचा धाकटा भाऊ मोझेस होता.

चौघा ब्राऊन भावांची एकत्र पेढी. १७६४मध्ये त्यांनी 'सॅली' नावाचं जहाज गुलाम आणायला आफ्रिकेला धाडलं. १९६ माणसं विकत घेतली, त्यातली निदान १०९ मेली. मोझेसही त्यात भागीदार होताच. १७७३मध्ये बायको गेली आणि हा माणूस बदलला. त्याच वर्षी त्याने आपल्याकडचे गुलाम मुक्त केले, पुढच्या वर्षी क्वेकर, म्हणजे हिंसा न मानणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा, झाला. मग गुलामव्यापारावरून जॉनशीच जुंपली, तीही वर्तमानपत्रातून, चारचौघांत! १७८९मध्ये मोझेस आणि मंडळींनी गुलामव्यापाराविरुद्ध संस्था काढली आणि १७९७मध्ये बेकायदा गुलामव्यापारासाठी जॉनवर खटला उभा राहिला. 'होप' हे त्याचं जहाज जप्त झालं. आपल्याकडे बांधावरून भाऊ कोर्टाची पायरी चढतात, इथे माणसांच्या विक्रीवरून. इतकं होऊनही दोघांचा पत्रव्यवहार सुरूच होता म्हणे. मला हे पचायला जड गेलं.

मोझेसला देव्हाऱ्यात बसवायलाही मन धजत नाही. १७९०मध्ये जवळच्या पॉटकेट गावी सॅम्युएल स्लेटर या इंग्लंडहून आलेल्या गिरणी-कारागिराला हाताशी धरून सूतगिरणी सुरू करणारा हाच. आणि गिरण्यांना लागणारा कापूस कोण पिकवत होतं? गुलामच. पण क्वेकर मुलांच्या शाळेसाठी जमीन देणाराही तोच. १८१९मध्ये ती शाळा प्रॉव्हिडन्सला सुरू झाली, तेव्हा तो ऐंशीचा होता. आज शाळेला त्याचंच नाव आहे.

ब्राऊन विद्यापीठाच्या हिरवळीवर गुलामगिरीचं स्मारक आहे. जमिनीत अर्धा गाडलेला लोखंडी गोळा, त्यातून वर आलेली जाडजूड साखळी. वरची कडी तुटलेली, आणि तुटलेल्या जागी आरशासारखी लख्ख. ही कुटुंबाच्या नावाची संस्था. २००६मध्ये तिने गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांचा सविस्तर अहवालच छापला. आपल्याकडे एखाद्या देणगीदाराच्या पैशाची अशी झाडाझडती घेऊन बघा!

पॉटकेटची गिरणी राहिलीच. आमचे 'हे' चढानेच गळपटले होते, आणि चहा म्हणून जे मिळालं ते कोमट पाणी होतं.