खजिना मिळतो तिथनं पुढं

परवा रात्री दोस्ताच्या घरी एक जुना फ्रेंच पिक्चर बघितला, 'ले अव्हांत्युरिए', 1967 चा, डायरेक्टर रोबेर एन्रिको, आणि दोन दिवस झाले डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय. शेवट सांगणार आहे, तो टाळून मला जे बोलायचंय ते बोलताच येत नाही, त्यामुळं ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून या.

माझा हा दोस्त तालमीत सात वर्षं घुमलेला, आता उद्यमनगरात लेथवर असतो. लिनो व्हेंतुरा पडद्यावर नुसता चालत आला आणि हा म्हणाला, "भावा, ह्यो गडी आखाड्यातला हाय बघ." कशावरनं म्हटलं तर, "मान बघ की, आणि खांदं कसं सोडून चालतंय." मोबाईलवर शोधलं तर खरंच की! व्हेंतुरा आधी पैलवान होता, 1950 ला युरोपचा चॅम्पियन, मग दुखापत झाली, कुस्ती सुटली आणि सिनेमात आला. माझ्या दोस्ताचीपण गुडघ्यानं कुस्ती सुटली. त्यानंतर त्यानं व्हेंतुरावरची नजर काढली नाही.

व्हेंतुरा यात रोलाँ, शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये रेसच्या गाडीचं इंजिन बनवत बसलेला, अगदी आपल्याकडचा फिटर वाटतो. अ‍ॅलन डेलॉन मानू, विमान उडवणारा. आणि भंगार शोधत येते लेतिशिया म्हणजे जोआना शिमकस, ती लोखंडाच्या तुकड्यांतनं शिल्पं करते. तिघांचंही फसतं. पॅरिसच्या विजयकमानीखालनं विमान नेलंस तर मोठी रक्कम म्हणून कुणीतरी मानूची थट्टा करतं आणि त्याचं लायसन जातं, इंजिन फुटतं, तिच्या प्रदर्शनाची पेपरवाले चिरफाड करतात. मग तिघं निघतात काँगोच्या समुद्रात बुडालेल्या एका विमानातला खजिना शोधायला.

बोटीवरचे ते दिवस तर किती सुंदर आहेत! ऊन, पाणी, खाणं, हसणं. दोघांनाही ती आवडते हे दिसतं, पण त्यावरनं एक शब्दाचं भांडण नाही, आणि पैशावरनं तर नाहीच. आपल्याकडं बांधावरनं सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, म्हणून मला हे फार मोठं वाटलं.

खजिना मिळतो. आणि त्यापायी आलेल्या लोकांच्या गोळीनं लेतिशिया जाते. दोघं तिला पाणबुड्याचा जाड पोशाख घालतात, पितळी टोप चढवतात आणि हळूहळू समुद्रात सोडतात. इथं दोस्तानं हातातला चहा खाली ठेवला तो मग तसाच गार झाला.

नंतर ते तिचा वाटा तिच्या घरच्यांना नेऊन देतात. तिला समुद्रात घर हवं होतं म्हणून रोलाँ फोर्ट ब्वायार घ्यायचं ठरवतो, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ भर पाण्यात उभा दगडी किल्ला, मला आपला जंजिराच आठवला. तिथंच मानूला गोळी लागते. त्याचं डोकं धरून रोलाँ सांगतो, लेतिशियाला तुझ्याबरोबर राहायचं होतं. खोटं असतं ते, तिचा जीव रोलाँवर होता. मानूला पण कळतं, तो म्हणतो, खोटारडा आहेस, आणि जातो.

आम्हीपण तिघं होतो. तिसऱ्याचं लिव्हर गेलं होतं, शेवटच्या महिन्यात हा रोज दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून सांगायचा की पुढच्या पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड तिघं चालत जायचं, बूट कुठले घ्यायचे, मुक्काम कुठल्या वाडीत, सगळं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, दोन जोड मोजं घे माझ्यासाठी.

पिक्चर संपताना कॅमेरा आकाशातनं किल्ल्याभोवती फिरत राहतो, आत रोलाँ एकटा. नावं गेली तरी आम्ही टीव्ही बंद केला नाही. मग दोस्त उठला, कपाट उघडलं, आणि मोज्यांचे दोन जोड आणून माझ्यासमोर ठेवले, लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.