स्कूबी-डू आणि आमची चौथी

चौथीच्या मुलांना ‘तुमचं मत लिहा’ म्हटलं की पंचवीस वह्यांत एकच वाक्य येतं : ‘मला ही गोष्ट खूप आवडली.’ फार तर पुढे ‘कारण ती छान होती.’ मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी शिकवते आणि या वाक्याला मी मनापासून कंटाळले आहे. आनंददायी शनिवार सुरू झाल्यापासून त्या दिवशी दप्तर नसतं, थोडी मोकळीक असते. म्हणून फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठरवलं, की मुलांना असं काही दाखवायचं ज्यावर भांडण होईल. रहस्यकथेवर भांडण होतंच.

मी निवडला ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या जुन्या अमेरिकन कार्टून मालिकेचा अगदी पहिला भाग. मुख्याध्यापकांनी नाव ऐकलं नव्हतं, पण भूत एवढं ऐकलं आणि म्हणाले, “बाई, रात्री पोरं दचकून उठली तर पालक माझ्या दारात येतील.” मी त्यांना सांगितलं, सर, हेच भांडण अमेरिकेत तेव्हाही झालं होतं. १९६८च्या सुमारास तिथले पालक कार्टूनमधल्या मारामारीवर चिडले होते, म्हणून हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओने मारामारी नसलेलं रहस्य करायला घेतलं. तर वाहिनीवाले म्हणाले, हे लहान मुलांसाठी फार भीतिदायक आहे. मग जो रुबी आणि केन स्पीअर्स या लेखकांनी विनोद वाढवला, भित्र्या कुत्र्याला पुढे आणलं आणि १३ सप्टेंबर १९६९ला पहिला भाग सीबीएस वाहिनीवर लागला. सर म्हणाले, “कुत्रं भित्रं आहे ना? मग दाखवा.”

गोष्ट थोडक्यात अशी. पौर्णिमेच्या रात्री शॅगी आणि त्याचा कुत्रा स्कूबी सिनेमा बघून घरी चाललेत. वाटेत एक बेवारस गाडी दिसते, आत माणसाऐवजी काळं चिलखत. ते चिलखत एका प्राध्यापकाने संग्रहालयात पोचवायचं होतं आणि प्राध्यापकच गायब आहे. संग्रहालयाचे प्रमुख विकल्स सांगतात, पौर्णिमेला हा काळा सरदार जिवंत होतो, अशी दंतकथा आहे. पुढे शॅगी आणि त्याच्या मित्रमंडळींना एक विचित्र चष्मा सापडतो, रात्रीची पळापळ होते, लपवलेल्या खोलीत रंग आणि चित्रं मिळतात आणि चिलखतातून विकल्सच निघतात. खरी चित्रं काढून ते तिथे नकली लावत होते. प्राध्यापकाने ती ओळखली असती, म्हणून त्याला पळवला.

संवाद इंग्रजी. मी मधे मधे थांबवून मराठीत सांगत होते. पण पहिल्या मिनिटालाच मला थांबवावं लागलं, कारण वर्गात गलका सुरू झाला.

“बाई, ह्यांच्याकडं बॅटरी कशी नाय?”

“काठी पण नाय.”

“आन् वरून कुत्रं घेऊन निघालेत!”

आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. वनखातं सांगून सांगून थकलंय, की रात्री एकट्याने निघू नका, हातात बॅटरी-काठी ठेवा, मोबाईलवर गाणी लावा. बिबट्या वस्तीवर येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच, हे इथल्या बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा माझ्या वर्गाच्या लेखी काळ्या सरदाराच्या आधीच या दोघांनी पुरेसा वेडेपणा केलेला होता. एकाने वहीत लिहिलंसुद्धा : ‘शॅगीच्या घरच्यांनी त्याला रात्री सोडायला नको होतं.’

कुत्र्यावर तर वेगळीच पंचाईत. धनगरवाड्यावरचा मुलगा म्हणाला, एवढं मोठं कुत्रं असं पळत नसतं, चित्र काढणाऱ्यानं कुत्रं पाळलेलं नाय. यावर मला माहीत असलेली गोष्ट सांगायला मिळाली. चित्रकार इवाओ ताकामोतो यांनी स्कूबी रेखाटताना स्टुडिओतल्या ग्रेट डेन पाळणाऱ्या बाईंना विचारलं होतं, की चांगल्या जातिवंत कुत्र्याची लक्षणं काय. त्यांनी सांगितली आणि ताकामोतोंनी मुद्दाम उलटं केलं : पाठ उतरती, पाय फेंगडे, हनुवटी मोठी. तो मुलगा जरा नरमला. “मग बरोबर हाय. मुद्दाम केलंय.”

खरी गंमत हशाची. त्या काळी अमेरिकेत या कार्टूनला आयत्या हशाचा आवाज जोडत. स्कूबी आपटला की अदृश्य लोक खो खो हसतात. मोठ्या माणसांना सवय झालेली असते, आपल्याला ते ऐकूही येत नाही. तिसरीतला एक मुलगा मात्र पहिल्यापासून कान टवकारून बसला होता. गुन्हेगार कोण, असं मी टीव्ही थांबवून विचारलं तेव्हा बहुतेकांनी विकल्सचं नाव घेतलं (“दुसरं माणूसच कुठं दाखवलंय, बाई?” हा त्यांचा पुरावा, आणि तो बिनतोड होता). हा म्हणाला, “एकटा नाय. आत लय लोकं हायेत.”

“कुठे आहेत?”

“हसत्यात की. स्कूबी पडला की लगेच हसत्यात. म्हंजे त्यांना दिसतंय.”

मी गप्प झाले. दिसलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींवरून त्याने जे काढलं होतं त्यात चूक कुठे दाखवणार? टोळी लपलेली आहे, ती पोरांवर नजर ठेवून आहे. गोष्टीतल्या चष्मेवाल्या हुशार व्हेल्मापेक्षा त्याचा तपास पक्का होता. तो हशा नंतर जोडलेला आहे, प्रेक्षकांना कुठे हसायचं ते कळावं म्हणून, असं समजावल्यावर तो नाराज झाला. “आम्हाला कळत नाय व्हय, कवा हसायचं ते?”

मतं लिहायला घेतली तेव्हा एकही ‘खूप आवडली’ आली नाही. आमच्या वस्तुसंग्रहालयाच्या सहलीत कशालाही हात लावू देत नव्हते आणि हे लोक आत विमानही चालू करतात, ही तक्रार तिघींची. चष्मा असलेल्या मुलीने व्हेल्माला पूर्ण पान दिलं. एका शांत मुलीने दोनच ओळी लिहिल्या : ‘प्राध्यापकाला बांधून ठेवले होते. त्याला पाणी कोणी दिले ते सांगितले नाही.’ खरंच सांगितलेलं नाही. पोरं सुटका झाल्या झाल्या विनोदाकडे वळतात. मी तो भाग कितीदा तरी पाहिलाय, माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आला नव्हता.

शेवटी मी फळ्यावर लिहिलं : भुताची गोष्ट पसरली तर फायदा कोणाला? विकल्सचं सोपं होतं. लोक घाबरून लांब राहिले की नकली चित्रांचं काम बिनबोभाट चालतं. मी सहज म्हटलं, आपल्या गावात अशा गोष्टी आहेत का? मग पाऊण तास मला फळा पुसायला सवड मिळाली नाही. पिंपळावरचा मुंजा, ओढ्यातला चकवा, जुन्या विहिरीतली बाई. प्रत्येक भुतापुढे मुलं मालकाचं नाव शोधायला लागली. विहिरीवर एकमत झालं : तिला कठडा नाही, पोरं पडू नयेत म्हणून आयांनी ती बाई आत ठेवली आहे. यात फायदा आपलाच, सबब हे भूत राहू द्यावं, असा निकाल लागला. चकव्याचं काही जमेना. ओढ्यात कोणाचाच फायदा सापडला नाही, तेव्हा तो खरा असू शकतो असं ठरलं. मला हे पटलं नाही, पण मतं लिहायला मीच सांगितलं होतं.

मग चौथीतली एकजण उठली. “बाई, आमच्या चिंचेवर हडळ हाय म्हणून सांगत्यात ना, ते आमच्या आजोबांनीच सांगितलंय. चिंचा पोरं पाडत्यात म्हणून.”

वर्गात अशी शांतता मी परीक्षेतही ऐकलेली नाही. घरचीच साक्षीदार, वर फुटलेली. तिच्या शेजारणीने तिला चिमटा काढला, पण वेळ निघून गेली होती. शाळा सुटल्यावर पोरं रोजच्यापेक्षा जरा भरभर गेली, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

सोमवारी परिपाठ चालू असतानाच आजोबा फाटकातून आत आले. टोपी सारखी करत मुख्याध्यापकांकडे न जाता थेट माझ्यासमोर उभे राहिले.

“बाई, तुम्ही शनिवारी काय शिकवलं?”

“आजोबा, कार्टून दाखवलं. मुलं विचार करायला लागावीत म्हणून.”

“लागली. खालच्या फांद्यांवर एक चिंच ठेवली नाय.” रांगेत उभ्या असलेल्या नातीकडे त्यांनी एकदा बघितलं. ती प्रतिज्ञा म्हणण्यात फारच गुंग झाली होती. “आन् हिनंच वर चढून हलवली म्हणं.”

मी काहीतरी बोलायला लागले, तर हातानेच थांबवलं.

“दाखवा की. शिकवा. पण पुढचा भाग तेवढा हंगाम उरकल्यावर दाखवा.”