अर्ध्या मीटरची पॉवर कॉर्ड: कुठून आणायची, कशी तपासायची

दुकानात जाऊन 'कॉम्प्युटरची पॉवर केबल' मागितली की दीड किंवा १.८ मीटरची हातात पडते. टेबलाखाली मात्र यूपीएसपासून सीपीयूपर्यंत अंतर असतं जेमतेम ४० सेंटिमीटर. उरलेली केबल वेटोळं होऊन पायात येते, झाडूत अडकते, खुर्चीच्या चाकाखाली चिरडते. मग कुणीतरी ती मधोमध तोडतो, तारा पिळून जॉइंट मारतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये टेस्टिंग ट्रॉलीवर आणि शहरातल्या ऑफिसांत टेबलाखाली असले जॉइंट सर्रास दिसतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सरकते, पिळलेल्या तारा सैल होतात, लूज कॉन्टॅक्ट तापतो. केबल ओढली गेली तर अर्थची तार आधी सुटू शकते. मशीन तरीही चालू राहतं, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

वेटोळं गरम होऊन आग लागते, असंही ऐकायला मिळतं. ऑफिसातला साधा पीसी आणि मॉनिटर मिळून फार तर दोन अँपिअर घेतात. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या चांगल्या तांब्यात तेवढ्या करंटला मीटरमागे पाव वॉटसुद्धा उष्णता होत नाही. तिथे त्रास पायात अडकण्याचा आणि ओढाताणीचा. इलेक्ट्रिक किटली किंवा हीटरच्या कॉर्डचं वेटोळं मात्र खरंच तापतं, ते कधीच ठेवू नये.

नियमांच्या बाजूने पाहिलं तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याबाबतचे २०२३ चे विनियम कामाच्या जागेलाही लागू आहेत. त्यांचा गाभा असा, की साहित्य त्याच्या मानकाप्रमाणे हवं आणि लोड, इन्सुलेशन व फॉल्ट करंट पेलण्याइतकं सक्षम हवं. धातूच्या बॉडीच्या उपकरणाला तीन कोअरचीच (फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारांची) केबल लागते आणि अर्थची तार रंगावरून ओळखता आली पाहिजे. टेपचा जॉइंट यातल्या कशातच बसत नाही. विद्युत निरीक्षकाने किंवा विमा कंपनीच्या माणसाने विचारलं तर त्यावर उत्तरही नसतं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या थ्री पिन टॉपमध्ये नसतो. त्यामुळे कॉर्डचं संरक्षण थेट बोर्डातल्या एमसीबीवर (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचवर) येतं. सहा अँपिअरचा प्लग ६/१६ च्या एकत्र सॉकेटात घातला आणि त्या सर्किटला २० अँपिअरचा एमसीबी असला, तर कॉर्डवर ओव्हरलोड आला तरी एमसीबी ढिम्म हलत नाही. म्हणून कॉर्डमध्ये तांबं किती आहे, याला इथे जास्त महत्त्व.

आता खरेदी. आधी दोरीने मार्ग मोजा. केबल जशी वळणार तशीच दोरी फिरवा आणि वर १५ ते २० सेंटिमीटर सैल ठेवा. मॉनिटर आर्मवर असेल तर आर्म पूर्ण ताणून मोजा, रॅकमधला सर्व्हर रेलवर बाहेर येत असेल तर तो बाहेर ओढून. फार आखूड कॉर्ड हा वेटोळ्यापेक्षा वाईट प्रकार आहे: कनेक्टर वाकडा लटकतो, अर्धा बाहेर येतो आणि पिना काळ्या पडतात.

मग यूपीएसच्या मागे बघा. तीन चपट्या भोकांची सॉकेटं असतील तर काम सोपं झालं. तिथे दोन्ही टोकांना आयईसी कनेक्टर (कॉम्प्युटरच्या मागे बसतो तो, आंतरराष्ट्रीय मानकाचा) असलेली, म्हणजे सी-१४ (पिनांचं टोक, यूपीएसकडे) ते सी-१३ (भोकांचं टोक, सीपीयूकडे) कॉर्ड लागते. ती अर्धा मीटर आणि एक मीटर लांबीत तयार मिळते, कारण सर्व्हर रॅकवाल्यांना तीच लागते. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानांत विचारताना 'रॅकची, पीडीयूची कॉर्ड' असं म्हणा; पीडीयू म्हणजे रॅकमधली अनेक आउटलेटची वीजपट्टी. एका जागी सात-आठ उपकरणं असतील तर सी-१३ आउटलेटची पीडीयू पट्टी बसवून सगळ्या आखूड कॉर्ड तिच्यावर घेणं मला सर्वांत पटतं. भिंतीकडे मग एकच जाड केबल जाते.

भारतीय थ्री पिन आणि अर्धा मीटर ही जोडी मात्र दुकानात सहजी सापडत नाही. २५-५० नग लागत असतील तर मुंबईच्या लोहार चाळीतले व्यापारी किंवा कॉर्ड मोल्ड करणारे कारखाने हव्या लांबीत करून देतात का, ते विचारावं. परदेशी प्लगची आखूड कॉर्ड स्वस्तात मिळते म्हणून घेऊन 'युनिव्हर्सल' अडॅप्टर लावू नये. त्यातल्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये अर्थ नुसता दिसायला असतो.

ऑर्डरमध्ये 'पॉवर कॉर्ड, आखूड' एवढंच लिहिलं तर काहीही येईल. भारतीय मानकांचे (आयएस) नंबर देऊन असं लिहा: 'पॉवर कॉर्ड, लांबी ०.५ मीटर, ३ कोअर, ०.७५ चौ.मि.मी. तांबे, आयएस ६९४. प्लग ६ अँपिअर मोल्डेड, आयएस १२९३. दुसरे टोक सी-१३, १० अँपिअर २५० व्होल्ट. प्लग व केबल दोन्हींवर आयएसआय चिन्ह.' प्लग आणि केबल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोघांचे परवाने वेगळे असतात. चिन्हाखालचा सीएम/एल (परवाना) नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून परवाना चालू आहे का आणि त्याच वस्तूचा आहे का, ते पाहावं.

चिन्ह खोटंही छापलं जातं. म्हणून प्रत्येक लॉटमधली एक कॉर्ड कापायची. मधला बरोबर ३०० मिलिमीटरचा तुकडा घ्या, तिन्ही तारांवरचं पीव्हीसी सोलून काढा आणि फक्त तांबं वजन करा, सराफाकडे असतो तसल्या बारीक काट्यावर. खऱ्या ०.७५ मध्ये साधारण ६ ग्रॅम भरायला हवं. अडीच-तीन ग्रॅमच भरलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे किंवा कोअरमधल्या बारीक तारा कमी आहेत. तारा मोजा: प्रत्येक कोअरमध्ये ०.२ मिलिमीटरच्या २४ हव्यात. ब्लेडने एक तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली, तर लॉट परत.

न कापता करायची चाचणी अर्थची. साधा मल्टिमीटर इतका कमी ओहम दाखवू शकत नाही. बेंच पॉवर सप्लायने प्लगच्या अर्थ पिनेपासून कनेक्टरच्या अर्थपर्यंत ५ अँपिअर सोडा आणि त्याच दोन टोकांवर मिलिव्होल्ट वाचा. ०.७५ च्या तांब्याचा रोध २० अंशांना किलोमीटरला २६ ओहम, म्हणजे अर्ध्या मीटरला ६५ मिलिव्होल्ट. एप्रिल-मेच्या चाळिशीत हा आकडा सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, कॉन्टॅक्टचेही थोडे धरा. शंभरच्या आत असेल तर ठीक. दोनशे आले तर कॉर्ड बाजूला. वाचन चालू असताना दोन्ही टोकांशी केबल हलवून बघा. आकडा नाचला तर मोल्डच्या आत क्रिंप (तार दाबून केलेला जोड) सैल आहे. शेवटी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर): फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी. नवी कॉर्ड शेकडो मेगओहम दाखवते, १ मेगओहमच्या खाली गेली तर वापरायची नाही.

दोन-चारच कॉर्ड हव्या असतील तर लांब कॉर्डची प्लगकडची बाजू कापून नवा आयएसआय थ्री पिन टॉप बसवता येतो. काम परवानाधारक वायरमनचंच. बाहेरचं आवरण ३५ मिलिमीटर सोला आणि अर्थची तार बाकी दोघींपेक्षा १० मिलिमीटर लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तरी ती शेवटी सुटेल. टोकांना डाग (सोल्डर) देऊ नका. डाग मऊ असतो, स्क्रूखाली हळूहळू दबतो आणि काही महिन्यांत कॉन्टॅक्ट सैल होतो. तारा पिळून दुमडा किंवा फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. प्लगमधली केबल दाबून धरणारी पकडपट्टी बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत तारांवर नाही. पट्टीच नसलेला प्लग घेऊच नका. सॉकेटकडे तोंड करून फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, अर्थ वर; त्याप्रमाणे पिना जुळवा आणि वरच्या अर्थ आणि मेगर या दोन्ही चाचण्या पुन्हा करा.

मशीन शॉपमध्ये कूलंट आणि तेल उडतं तिथे साधं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. तिथे तेल सोसणाऱ्या आवरणाची रबरी, आयएस ९९६८ ची केबल मागवा.

प्रत्येक कॉर्डला नंबर द्या आणि वहीत लांबी, वाचन, तारीख लिहा. बाद कॉर्ड भंगारात टाकण्याआधी प्लग अगदी मुळाशी कापा. प्लगला वीतभर केबल राहिली आणि कुणी तो सॉकेटात खोचला, तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या तारांवर २३० व्होल्ट असतात.